गॅरीच्या घरी कोण कोण?

मी खोटा पेशंट आहे. हसू नका, पगारी आहे! कॅनडातल्या सास्काटूनच्या मेडिकल कॉलेजात मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरांची परीक्षा असली, की समोरच्या खुर्चीत मी बसतो, गॅरी होऊन. गॅरी ट्रक चालवतो. घरी बायको लिंडा, दोन मुलं. आणि हा चोरून पितो! हे पिणं परीक्षा देणाऱ्यानं गोडीगुलाबीनं माझ्या तोंडून काढून घ्यायचं असतं. मी सहजासहजी देत नाही. भलेभले माझ्यापुढे घामाघूम झालेत!

परवा डॉ. ओलेना हर्चुक आली. एकदा नापास झालेली. या खेपेला हुकली तर वर्ष बुडालं. परीक्षक डॉ. फॅरल कोपऱ्यात मुकाट बसलेले. मी मनात म्हटलं, बिचारी!

"घरी कोण कोण असतं?" तिनं विचारलं, आणि गप्प बसली. नुसती माझ्याकडे बघत, जणू तिला जगात दुसरं कामच नाही. माझ्या उत्तराची इतकी वाट कुणी पाहिली नव्हती हो!

"कोणी नाही. मॉरीन गेल्यापासून एकटाच," मी बोलून गेलो.

मेलो! गॅरीची बायको लिंडा. मॉरीन माझी!

"मॉरीन कोण?"

"कुत्री!" मी ठोकून दिलं. "आमची कुत्री होती!"

"फार आठवण येते?"

"येणारच! हा स्वेटर तिनंच विणलाय!"

फॅरलसाहेबांना खोकल्याची उबळ आली. ही मात्र हसली नाही. स्वेटर निरखून हळूच म्हणाली, "किती मायेनं विणलाय. तिच्यामागे जगणं नकोसं वाटतं का कधी?"

"तसं नाही. पण एकट्यासाठी सूप करवत नाही हो!" म्हणालो आणि ढसाढसा रडलो. वेळ संपेपर्यंत रडलो.

ती बाहेर गेल्यावर मी फॅरलसाहेबांचे हात धरले. "दारूचं विचारायचं राहिलं ते माझ्यामुळे! मला नापास करा, तिला नको!"

"अहो क्लाइड, इतक्या वर्षांत तुम्हाला कुणी बोलतं केलं नव्हतं. तिला नापास करून मी कुठं तोंड दाखवू? आणि जाताना माझ्या कानाशी बजावून गेलीय, यांना खऱ्या डॉक्टरकडे पाठवा म्हणून."

पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं! तिचा शब्द मोडवेना. मंगळवारी गेलो खऱ्या डॉक्टरकडे. त्यांनी प्रेमानं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"लिंडा आणि दोन मुलं!" मी ठणकावून सांगितलं.