बर्फ उत्तम

"काल आपण ४-२ ने जिंकलो. पापलेटने दोन गोल केले. बर्फ उत्तम."

वसईत सांडोरच्या नाक्यावर बेकरीच्या भिंतीला टेकवलेल्या फळ्यावर असा मजकूर असायचा, आणि शेजारी घामाने भिजलेला गंजीफ्रॉक घालून, हातात खडू धरून पास्कूकाका उभे असायचे. सामना आइस हॉकीचा. 'आपण' म्हणजे कॅनडातल्या कुठल्याशा शहराची व्यावसायिक टीम. तिच्यातल्या एकाही खेळाडूने वसईचं नाव ऐकलेलं नसणार. आणि 'काल' म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, कारण निकाल पत्राने यायचा.

"काका, काल कसं? तिकडे तर केव्हाच संपली मॅच," मी एकदा म्हटलं.

"पत्र काल आलं. म्हनजे मॅच काल झाली."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं त्यांनी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढली होती. होड्या समुद्रावर निघायच्या आधी त्यांना बर्फ पुरवायचा तो कारखाना. कोळ्यांच्या संगतीत त्यांच्या बोलण्यातला 'ण' कधीच वितळून गेला होता, आणि जगाकडे बघायचं माप एकच उरलं होतं. बर्फ घाईने गोठवला की लादीचा गाभा पांढरा राहतो. सावकाश गोठवला की आरपार दिसतं. पहिल्याला काका 'दुधाळ' म्हणत, दुसऱ्याला 'काच'. मतं मागायला आलेला पुढारी दुधाळ. गावचे जुने मास्तर काच. चळवळीसाठी मी लिहिलेलं पहिलं पत्रक त्यांनी उजेडात धरून पाहिलं होतं, वाचलं होतं आणि परत दिलं होतं. "दुधाळ आहे. घाई केलीस."

खेळाडूंची नावं त्यांना उच्चारता येत नसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना मासळीची नावं दिली होती. रुंद, चपटा होता तो पापलेट. उंच, किडकिडीत तो बोंबील. गोल अडवणारा तो खेकडा. तिकडे चकती मारून खेळतात, बॉल नसतो, हेही काकांनीच आम्हाला सांगितलं. "खेकड्यानं सव्वीस चकत्या अडवल्या," असं बेकरीत पाव घ्यायला आलेल्या बाया एकमेकींना सांगत, तेव्हा परका माणूस बुचकळ्यात पडे.

आदल्या वर्षी या टीमने कप जिंकला होता. काकांनी बेकरीतले बटर नाक्यावर सगळ्यांना वाटले होते. यंदा तो कप राखायचा होता, आणि काकांचं बोलणं बदललं होतं. "करायला काय, कोनपन करील. टिकवायला भुसा लागतो." लादी भुशात पुरून ठेवली तरच टिकते, हे त्यांचं ज्ञान. मध्यंतरी टीम ओळीने चार सामने हरली, तेव्हा फळ्यावर आलं: "भुसा कमी पडतोय. बर्फ उत्तम." त्यानंतर महिनाभर एसटीचा कंडक्टर दारातून वाकून विचारायचा, "काय काका, भुसा आला का?"

हरोत की जिंकोत, शेवटचे दोन शब्द ठरलेले. काकांची मुलगी रेमी त्या स्टेडियममध्ये कामाला होती आणि पत्रं तिची असत, एवढं गावाला माहीत होतं. ती ऑफिसात असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दिवसांत मी पाण्यासाठी पेटले होते. आमच्या बागांमधल्या विहिरींतून रात्रंदिवस टँकर भरले जात होते. विहिरी खारट होत होत्या, केळी करपत होत्या, आणि आमच्या नाक्यावरच्या एकुलत्या एका फळ्यावर काय, तर खेकडा आणि पापलेट! एका सकाळी मी तो फळा पुसला आणि ठळक अक्षरांत सभेची सूचना लिहून टाकली.

दुपारी काका सायकल मारत शेजारच्या पापडीला आमच्या घरी हजर. मी ओट्यावर मुद्दे तयार करूनच बसले होते. काका धापा टाकत खाली बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "स्कोअर पुसलास, बरं केलंस. पान्याची सभा मोठी. पन 'बर्फ उत्तम' का पुसलंस?"

माझे सगळे मुद्दे फुकट गेले. "एवढं काय आहे त्या बर्फात?" मी विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. रेमी लहानपणी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात यायची. बारा वर्षांची असताना लादीवर बोटाने टिचकी मारून गाभा धरला की नाही ते सांगायची. पुढे तिथली मशीन चालवणारा सोडून गेला, तेव्हा तिने ती जागा मागितली. मालक तयार होता. काका नाही म्हणाले. "बर्फाचं काम बायकांचं नाय. गाव हसेल."

वर्षभरात ती कॅनडाला निघून गेली. आधी म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर, मग तिथून स्टेडियममध्ये. ऑफिसात नव्हे. तो बर्फच ती करते. खेळाचे तीन डाव असतात. दोन डावांच्या मध्ये ती मोठी गाडी फिरवून ओरखडे पडलेला बर्फ तासते आणि त्यावर गरम पाण्याचा पातळ थर सोडते.

"गरम का, ठाऊक आहे?" काकांचे डोळे चमकले. "गरम पान्याचा बर्फ काच होतो. मीच शिकवलेलं तिला."

हे काम तिने पहिल्या पत्रात कळवलं, त्यानंतर ती बाकी काहीच लिहीत नसे. स्कोअर, गोल कुणी केले, किती अडवले आणि शेवटी बर्फ कसा झाला. चार वर्षांत काकांनी एकाही पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं.

"गाव हसेल म्हनालो होतो ना मी? आता गावाला रोज वाचायला लावतो."

मी भडकले. "गावाला वाचायला लावता, आणि जिला सांगायचं तिला?"

"मेनबत्ती लावून नवस बोललोय. यंदा कप टिकला की लिहीन. चूक झाली म्हनून."

"चूक कबूल करायला कप लागतो होय?"

काकांनी रिकामा पेला ओट्यावर उपडा ठेवला. "तुला पत्रकं लिहायची सवय. मी लाद्या उचलल्या गं जन्मभर."

त्या दिवशी तह झाला. फळ्याचा वरचा अर्धा भाग टीमचा, खालचा पाण्याचा. "काल आपण ३-१ ने जिंकलो. बर्फ उत्तम. रविवारी सभा, विहिरी वाचवा." खरं सांगायचं तर सभेला गर्दी वाढली ती स्कोअर वाचायला थांबणाऱ्यांमुळे. आणि मी, परदेशी खुळांविरुद्ध दोन पत्रकं लिहिलेली मी, गुपचूप 'आपण' म्हणू लागले. मला कप हवा होता. त्या कपावर एक पत्र अडलं होतं.

टीम अंतिम फेरीत गेली. तीन सामने आपले, तीन त्यांचे. उरला एक.

ते पत्र आलं तेव्हा पोस्टमनसुद्धा नाक्यावर थांबला. काकांनी बेकरीची सुरी घेऊन पाकीट फोडलं, वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग ओल्या फडक्याने अख्खा फळा स्वतः पुसला.

"काल आपण ३-२ ने हरलो. कप गेला."

मग त्यांनी लिहिलं, "बर्फ उत्तम."

"अरे पास्कू, हरलो तर बर्फ कसला उत्तम?" बेकरीवाला म्हणाला.

काका गर्रकन वळले. "हरले ते खेळनारे. बर्फ नाय हरला. शेवटच्या डावापर्यंत काच होता!"

मी जवळ गेले. "काका, नवस?"

"कप नाय टिकला. मग पत्र नाय." माझा चेहरा पाहून ते खाकरले. "फोटोचं काय बोललो नव्हतो पन. तुझ्याकडे क्यामेरा आहे ना?"

आटलेल्या विहिरींचे फोटो काढायला मागून आणलेला कॅमेरा माझ्या पिशवीत होता. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक होता. काकांनी बेकरीवाल्याचा धुतलेला शर्ट मागून घातला, वरपर्यंत बटणं लावली. मग मला न विचारता माझ्या अर्ध्या भागात, दिसेल तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"रेमी, बर्फाचं काम तुझंच होतं. माझं चुकलं. पप्पा."

आगाशीची एसटी येऊन उभी राहिली होती. कंडक्टरने घंटी दिली नाही. खिडक्यांतून लोक वाचत होते, पाव घ्यायला आलेल्या बाया वाचत होत्या. ज्या हसण्याला भिऊन काकांनी मुलगी घालवली होती, ते हसणं कुणालाच आलं नाही. पोस्टमनने टोपी काढून हातात घेतली.

काका फळ्याशेजारी ताठ उभे राहिले.

"काका, थोडं हसा की."

"घाई करू नकोस. दुधाळ येईल."

मी घाई केली नाही. त्यांनी कॉलर सारखी करून मान वर करेपर्यंत थांबले आणि मग बटण दाबलं.

"आता पूस," शर्टाची बटणं काढत ते म्हणाले. "रविवारी सभा आहे ना तुझी?"

सभा होती. तिची सूचना मी वहीच्या कागदावर लिहिली आणि बेकरीच्या दाराला चिकटवली. फळ्याला हात लावला नाही.