रंगनाथकाकांची चौघांची बोली

आमचे शेजारी रंगनाथकाका कोथिंबिरीची जुडीसुद्धा एकट्यानं विकत घेत नाहीत. जाताना माझं दार वाजवतात. मी नसलो तर वॉचमनला नेतात. "सौद्याला माणसं लागत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मूळचे पाचोडचे. तिथल्या आठवडी बाजारात म्हणे एकट्या गिऱ्हाइकाला कुणी जुमानत नाही. एकानं भाव विचारायचा, दुसऱ्यानं नाक मुरडायचं, तिसऱ्यानं "चला हो, लई महाग हाय" म्हणत हाताला धरून ओढायचं. माझ्याकडं नाक मुरडण्याचं खातं आहे.

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मुलीनं त्यांना लॅपटॉप पाठवला. तो सुरू करण्याआधी ते अजून चष्मा, हात आणि टेबल, तिन्ही पुसून घेतात. तरी जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावाची साइट त्यांनी बरोबर शोधून काढली. आणि परवा रविवारी दुपारी माझं दार असं बडवलं की मला वाटलं, कुठं सिलिंडरच पेटला.

"चल बरं लवकर! ह्ये लोक आपला रेडिओ घालवायलेत!"

साइटची नोटीस आली होती. एकाच माणसाची चार खाती सापडली आहेत, संध्याकाळपर्यंत जादाची बंद करा, नाहीतर चारही बंद होतील. लिलावही त्याच संध्याकाळी संपणार होता. वस्तू होती लाकडी पेटीचा रेडिओ. तरुणपणी काका आणि कारखान्यातले तीन मित्र वाळूजला एका खोलीत राहायचे. तेव्हा चौघांनी मिळून घेतलेला रेडिओ अगदी असाच होता. खोली सुटली तेव्हा तो भंगारात गेला. त्याचं काकांना आजही वाईट वाटतं.

मी खाती उघडली. रंगनाथ, कुलकर्णी, सांडूअण्णा, सलीमभाई. चौघांचा पासवर्ड एकच.

"काका, हे काय?"

"मग एकटाच जाऊ व्हय सौद्याला? चौघांतल्या कुणाला बी मिळाला, तरी रेडिओ आपल्याच खोलीत!"

"पण सलीमभाईंच्या बोलीवर तुम्हीच चढी बोली लावलीय!"

"त्यो मागं हटंना ना. पहिल्यापासून हट्टी हाय."

मी कपाळावर हात मारला. बाहेरचा एकही माणूस त्या रेडिओकडं फिरकला नव्हता. काका दोन दिवस स्वतःशीच भांडून भाव चढवत होते.

जादाची तीन खाती बंद करायला घेतली. साइटनं प्रत्येकाचं कारण विचारलं. मी झटकन "आता गरज नाही" निवडणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"सलीमची गरज नाय म्हनतो? सरक तिकडं."

आणि एका बोटानं स्वतः लिहायला बसले. सांडूअण्णांपुढं लिहिलं, "गुडघे गेले. देवगाव रंगारीलाच असतात." कुलकर्णींपुढं, "मुलाकडे पुण्याला." सलीमभाईंपुढं बोट बराच वेळ नुसतंच फिरत राहिलं. मग लिहिलं, "वारले."

इतका वेळ मला हसू आवरत नव्हतं. आता खातं बंद करायचं बटण मी त्यांनाच दाबू दिलं.

तिन्ही खाती बंद झाली, त्यांच्या बोल्या गळल्या आणि भाव धाडकन खाली आला. आम्ही संध्याकाळपर्यंत पडद्यासमोरून हललो नाही. वेळ संपली. रेडिओ काकांचा! मी इतक्या जोरात ओरडलो की खालून वॉचमननं आवाज दिला. काकांनी मात्र चष्मा काढून पुसला.

"आता सांगू कुणाला रं?"

"कुलकर्णीकाकांना लावा की फोन!"

"पोराच्या घरी ऱ्हातोय त्यो. उगं कशाला तरास..."

मी नंबर लावून फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. रेडिओ मिळाला म्हटल्यावर कुलकर्णी आनंदानं ओरडलेच. मग त्यांनी विचारलं, "अरे, पण सौद्याला बरोबर कोण कोण होतं?"

काका खुर्चीत ताठ बसले.

"कोन म्हंजे? आपुन चौघं व्हतो की."