हरकत नाही

विकास आणि लोकशाही ही सख्खी भावंडं आहेत. हुकूमशाहीत न विचारता पाडतात. लोकशाहीत आधी विचारतात, वर चहाही देतात. हा फरक ज्यांना किरकोळ वाटतो, ते आमच्या वॉर्डात चहा प्यायलेले नाहीत. (प्यायलेल्यांनाही किरकोळच वाटतो, पण ते असो.)

आमच्या गल्लीतून मोठा रस्ता जाणार होता आणि त्यात एकच दुकान जाणार होतं, शिंपीणकाकूंचं. काका वारल्यापासून त्या एका मशीनवर त्यांचं घर चाललेलं. पण कायदा म्हणजे कायदा! एवढ्याशा दुकानासाठीही जाहीर सुनावणी ठेवली. केवढं हे मन!

साहेब तासभर उशिरा आले. आले ते आले, वर स्वतः म्हणाले, "माफ करा हं, जरा उशीर झाला." आपली माणसं भिडस्त. अख्खं सभागृह एका सुरात म्हणालं, "हरकत नाही!"

कारकुनाने ते तत्परतेने टिपून घेतलं : हरकत नाही, एकमताने.

मग पंखा बंद पडला. हरकत नाही. खुर्च्या कमी पडल्या. हरकत नाही. चहात साखर नव्हती, त्यावर मधुमेहवाले आजोबा म्हणाले, "उलट बरंच झालं!" याची नोंद 'प्रकल्पाचे उत्स्फूर्त स्वागत' अशी झाली. बघता बघता पाठिंबा एकशे चाळीस टक्क्यांवर गेला. भल्या भल्या प्रगत देशांना हे अजून साधलेलं नाही.

तेवढ्यात काकू उठल्या. "अहो साहेब, माझी हरकत आहे! दुकान गेलं तर पोरींच्या ताटात काय वाढू, डांबर?"

साहेब हळवे झाले. "ताई, तुमचंही ऐकणार. लोकशाही आहे. फक्त हरकतीला एक अनुमोदक लागतो. कुणीही एकाने हात वर करावा, मी रस्ता आत्ता वळवतो."

जो तो छताकडे बघू लागला. (काकूंना संकोच वाटू नये म्हणून.) नव्या रस्त्याने घर पाच मिनिटं जवळ येणार होतं, हेही खरंच. काकू एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग खाली बसल्या.

दुकान पडलं. रस्ता मात्र झकास झालाय.

आणि तुम्ही हो काय हसताय? तिसऱ्या रांगेत तुम्हीच तर होतात, काकूंनी शिवलेला शर्ट घालून. हात वर केला असतात तरी बाही उसवली नसती.