न थांबणारी ग्लेनिस

ग्लेनिस ट्रेझाइजला सायकल चालवता यायला लागली होती. थांबवता मात्र अजून येत नव्हती.

ही अडचण तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगणार तरी कशी? छप्पन्न वर्षांची बाई, ट्रेगारा गावच्या बेकरीत खिमा भरलेल्या, करंजीसारख्या गरम पॅस्ट्या विकणारी. बुटाची नाडी बांधताना धाप लागते म्हणून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला तपासून चष्म्यावरून पाहिलं होतं. "ग्लेनिस, पॅस्ट्या विकायच्या असतात, आपण खायच्या नसतात. भाज्या खा, आणि जरा हलत जा. नाहीतर थोड्याच वर्षांत घराच्या पायऱ्या चढायला कुणाचा तरी हात धरावा लागेल."

घरात हात धरायला कुणी नव्हतं. मुलगा पर्थला, नवरा कधीचाच देवाघरी. मग तिने चर्चमध्ये भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक निळी सायकल घेतली. सायकल इतकी जुनी होती की तिच्या हँडलला ब्रेकच्या मुठीसुद्धा नव्हत्या. 'बसवून घेऊ कधीतरी,' असं म्हणत ग्लेनिस शिकायला लागली. आधी तोल आला, मग वळणं आली, आणि एके दिवशी अशी सकाळ उजाडली की पायाखालची जमीन आपोआप मागे सरकते आहे आणि आपण नुसतेच हवेत बसलो आहोत, असं तिला वाटलं. तिच्या मनात एक फार जुनी इच्छा होती. गावाच्या टेकाडावरून स्वच्छ दिवशी दूरवर समुद्राची निळसर रेघ दिसायची. मोटारीतून ती त्या समुद्रावर कितीदा तरी गेली होती. पण स्वतःच्या पायांनी, वाऱ्यातून जावं आणि त्या रेघेचा हळूहळू समुद्र होताना पाहावा, असं तिला लहानपणापासून वाटायचं.

तोवर थांबण्याची सोय शेजारी होती. म्हातारे पेंगिली यांच्या घराभोवती लॅव्हेंडरचं दाट, गुबगुबीत कुंपण होतं. रोज पहाटे गावाला एक चक्कर मारून ग्लेनिस परत यायची, डोळे मिटायची आणि त्या कुंपणात शिरायची. जांभळी फुलं अंगावर उधळायची, मधमाश्या वैतागून उडायच्या आणि सायकल थांबायची. मग ती मोडलेल्या फांद्या सारख्या करून, दिवसभर लॅव्हेंडरच्या वासात बेकरीवर उभी राहायची. "कुठलं अत्तर गं हे?" असं गिऱ्हाइकं विचारायची.

आणखी एक गंमत होती. कुंपणाच्या त्या भगदाडापाशी रोज एकदोन गाजरं पडलेली असायची. म्हाताऱ्याच्या पिशवीतून पडत असतील असं समजून ती ती उचलून घरी न्यायची. भाज्या खायला तर डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं.

पेंगिलींना सगळं गाव जरा दबकून असायचं. कानाला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते नेहमी ओरडूनच बोलायचे. 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी समोरच्याला वाटायचं, आपल्या हातून काहीतरी घडलंय. बायको गेल्यापासून तर ते फारसे कुणाशी बोलतही नसत. एकदा बेकरीत येऊन मात्र त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, "माझ्या कुंपणात रोज कुणीतरी शिरतंय! एकदा बघणारच आहे मी!" ग्लेनिसच्या हातातला चिमटा खाली पडला होता.

आणि त्या दिवशी त्यांनी बघितलं. कोवळं ऊन पडलं होतं, जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहत होता. ग्लेनिस गावाची चक्कर पुरी करून, जरा तंद्रीतच, कुंपणाकडे वळली. डोळे मिटणार तोच तिला दिसलं, की नेमक्या त्या भगदाडात पट्ट्यापट्ट्यांच्या रात्रीच्या कपड्यांत पेंगिली उभे आहेत, आणि त्यांच्या हातात एक गाजर आहे.

म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर तर जाता येत नाही! तिने हँडल फिरवलं आणि त्यांच्या नाकासमोरून पुढे निघून गेली.

"ग्लेनिस?" पेंगिली गरजले. "अगं, तू?"

"माफ करा हं! थांबता येत नाहीये!"

"काय?"

"थांबता येत नाहीये!"

पण तोवर ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. उजवीकडे बेकरी, तिथे काचेचं दार. समोर शाळेची भिंत. मऊ असं गावात दुसरं काही नव्हतं. डावीकडे जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली सायकलवाट सुरू होत होती. ग्लेनिस डावीकडे वळली. कुठेतरी चढ लागेल आणि सायकल आपोआप दमेल, असा तिचा हिशेब होता.

ही वाट मुळात गव्हाच्या गाड्या धक्क्यावर नेण्यासाठी होती, आणि भरलेल्या गाड्यांना उतार बरा म्हणून ती गावापासून समुद्रापर्यंत अगदी हळूच उतरत गेलेली होती. तो उतार डोळ्यांना दिसत नसे, पण चाकांना कळायचा. शिवाय वारा पाठीमागून. ग्लेनिस पाय हलवेना, तरी सायकल चालतच राहिली.

थोड्या वेळाने तिची भीती विरघळायला लागली. दोन्ही बाजूंना सातूचं पीक सोनेरी व्हायला आलं होतं, वाऱ्याने त्याच्यावर लाटा उठत होत्या, आणि त्यांच्या मधून ती कुठलाही आवाज न करता वाहत चालली होती. पांढरे-गुलाबी काकाकुवे तारेवरून तिच्याकडे मान वाकडी करून बघत होते. आपलं वजन कुठेतरी मागे, गावातच राहिलं आणि आपण तेवढे पुढे निघून आलो असं तिला वाटलं. धाप लागली नव्हती. छाती खालपर्यंत भरत होती, रिकामी होत होती, पुन्हा भरत होती. तिला आठवेना, इतका मोठा श्वास तिने शेवटचा कधी घेतला होता.

तेवढ्यात डावीकडून धुरळा उठला. वाटेला समांतर अशा कच्च्या रस्त्यावरून पेंगिलींचा जुना पिकअप धडधडत येत होता. खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलेलं होतं आणि ते हात नाचवत ओरडत होते. वाऱ्याने त्यांचे अर्धे शब्द उडवून नेले. ग्लेनिसच्या कानापर्यंत एवढंच आलं:

"…मार! …मार!"

'अरे देवा, कुंपणापायी हा माणूस मला मारायला निघालाय,' असं ग्लेनिसला वाटलं आणि तिने जीव खाऊन पायडल मारायला सुरुवात केली.

अर्ध्या वाटेवर जुन्या स्टेशनाच्या फलाटावर निवृत्त मंडळींचा पाचजणांचा सायकल क्लब बसला होता. घट्ट चकचकीत कपडे, महागड्या सायकली, हातात कॉफी, मांडीवर केक. त्यांचा म्होरक्या वॉरिक, एके काळचा बँक मॅनेजर. तो उठून उभा राहिला.

"ग्लेनिस! आपली पॅस्टीवाली ग्लेनिस! ये गं, कॉफी घे!"

"नाही थांबता येत!" ग्लेनिस ओरडली आणि निघून गेली.

वॉरिकने हातातल्या केककडे पाहिलं.

"ऐकलंत? थांबता येत नाही म्हणाली. याला म्हणतात जिद्द. त्या सायकलवर! आणि आपण इथे बसून क्रीम चाटतोय."

"माझा अजून अर्धा उरलाय रे," एकजण म्हणाला.

"ठेव तो खाली. चला!"

मग सगळा क्लब तिच्या मागे लागला. पण त्यांचं पोट भरलेलं, आणि तिच्या मागे मार देणारा माणूस. अंतर काही कमी होईना. "वेग बघा बाईचा!" असं वॉरिक धापा टाकत सांगत राहिला, आणि आपल्या मागे एवढा तांडा का लागलाय ते ग्लेनिसला कळेना. पेंगिलींनी गावच उठवलं की काय?

आणि मग ती रेघ दिसली. आधी सातूच्या वर टेकवलेल्या दोऱ्याएवढी, मग फितीएवढी. मग बघता बघता ती रुंद झाली, तिच्यावर ऊन सांडलं, खारा वास आला आणि समोर नुसतं निळं, थरथरतं पाणी उरलं. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं होतं त्याहून ते संथ होतं आणि त्याहून मोठं. मागचा तांडा, पिकअप, मार, सगळं ती विसरून गेली.

वाट संपते तिथे होड्या पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार होता. ग्लेनिस त्याच्यावरून तशीच, हसऱ्या चेहऱ्याने, समुद्रात शिरली. पाणी चाकांना लागलं, गुडघ्यांना लागलं, आणि सायकलने तिला अगदी अलगद आडवं केलं.

ती उठून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या वाजत होत्या.

"समुद्रस्नान!" वॉरिक दम खात आपल्या मंडळींना म्हणाला. "गरम झालेले स्नायू थंड पाण्यात घालायचे, मोठमोठे खेळाडू हेच करतात. चला रे!" आणि पाचही म्हातारे किंचाळत, एकमेकांना शिव्या देत, थंडगार पाण्यात उतरले. सगळ्यांचे फोन पाठीच्या खिशात होते, हे पाणी छातीपर्यंत आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

इतक्यात कच्च्या रस्त्याच्या वळशामुळे मागे पडलेला पिकअप आला. पेंगिलींना ग्लेनिस पाण्यात दिसली आणि बाकीचे ओरडताना दिसले. बाई बुडतेय असं समजून त्यांनी गाडी थेट वाळूवरून पाण्याच्या कडेपर्यंत आणली आणि रात्रीच्या कपड्यांतच उडी टाकली.

"हात दे!" ते गरजले.

"मारू नका हो!" ग्लेनिस म्हणाली. "कुंपण मी लावून देईन परत."

"कोण मारतंय तुला?"

"मघापासून मार मार करताय की!"

"अगं, उलटं मार म्हणत होतो! पायडल उलटं मार!" पेंगिलींनी कपाळावर हात मारला. "ही जुन्या काळची सायकल आहे. हिचा ब्रेक पायात असतो. पायडल मागे दाबलं की झालं! माझ्या बायकोची होती तशीच एक."

ग्लेनिसने पाण्यात आडव्या पडलेल्या सायकलकडे पाहिलं. इतके दिवस ब्रेक तिच्या पायाखाली होता.

"आणि कुंपणाचं?" तिने घाबरत विचारलं.

पेंगिलींनी ओल्या बाहीने तोंड पुसलं. मग, त्यांच्या मानाने पुष्कळच हळू आवाजात, म्हणाले, "मला वाटलं, कांगारू येतं."

"कांगारू?"

"रोज येतंय, सोबत आहे, म्हणून बरं वाटायचं. त्याला गाजरं ठेवायचो. सकाळी गाजरं नाहीशी. आज म्हटलं, एकदा भेटावंच."

"ती गाजरं…" ग्लेनिस म्हणाली. "ती मी नेत होते. सूप करायला."

म्हाताऱ्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचा चेहरा हलला, खांदे हलले आणि ते मोठमोठ्याने हसायला लागले. गावात कुणी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून क्लबवाले आधी दचकलेच.

"ग्लेनिस, गाजरं दारात आणून दिली असती गं, मागितली असतीस तर!" ते म्हणाले. "चल आता, तुला गाडीतून घरी सोडतो."

गाडी मात्र जायला तयार नव्हती. मागची चाकं वाळूत रुतली होती आणि भरती सुरू झाली होती. पेंगिलींनी इंजिन जोरात फिरवलं, तशी ती आणखी खाली बसली. क्लबने मागून रेटा दिला, वॉरिक "एक, दोन, तीन!" म्हणाला आणि तोंडावर आपटला. पाणी टायरला लागलं.

"धक्क्याच्या पलीकडे मासेवाल्या हॅटीच्या शेडमध्ये ट्रॅक्टर असतो," वॉरिक वाळू थुंकत म्हणाला. "कुणीतरी फोन करा!"

सगळ्यांनी आपापले फोन उलटे करून पाणी गाळलं. महागड्या सायकलींच्या दातेरी चकत्यांत वाळू भरून त्या कुरकुरत होत्या. आणि आता हात सोडला तर गाडी कलेल अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

"मी जाते," ग्लेनिस म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ओली, केसांत शेवाळ, पण श्वास अगदी शांत.

"जमेल?" पेंगिलींनी विचारलं.

"जायला जमतंच," ती म्हणाली, पाण्यातून सायकल बाहेर ओढली आणि धक्क्याच्या पायरीवरून तिच्यावर बसली.

किनाऱ्याचा रस्ता रिकामा होता. एका बाजूला पत्र्याची निजलेली घरं, दुसऱ्या बाजूला लखलखतं पाणी. ओले कपडे वाऱ्याने अंगाला चिकटत होते आणि सुटत होते. शेड जवळ आली तशी ग्लेनिसने हँडल घट्ट धरलं. तिने दात आवळले आणि उजवा पाय हळूच मागे दाबला.

सायकल थांबली.

तक्रार नाही, आदळआपट नाही, काही मोडणं नाही. मागचं चाक वाळूवर जरासं कुजबुजलं आणि ती उभी राहिली. ग्लेनिसने एक पाय जमिनीवर टेकवला. अवतीभोवती पाहिलं. बघायला कुणीही नव्हतं. शेडच्या छपरावर एक सीगल पक्षी होता, आणि त्याचीही पाठ होती.

'चुकून झालं असेल,' असं ग्लेनिसला वाटलं. तिने सायकल वळवली, दगडावर पाय देऊन चढली, थोडी मागे गेली, परत आली आणि पुन्हा मागे दाबलं. पुन्हा थांबली. तिला हसू फुटलं. मग ती रस्त्याच्या मधोमध थांबली, खांबापाशी थांबली, एका घराच्या फाटकापाशी उगीचच थांबली. हवं तिथे थांबता येतं, नको तिथून निघता येतं, हे इतकं गोड असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. ऊन वर चढत होतं, समुद्र हळूहळू भरत होता, आणि ग्लेनिस त्या रिकाम्या रस्त्यावर निघत होती, थांबत होती, निघत होती.

शेडचं दार उघडून हॅटी बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने थोडा वेळ हा प्रकार पाहिला.

"काय गं, काही पाहिजे का तुला?"

"नाही गं," ग्लेनिस स्वप्नात असल्यासारखी म्हणाली. "अगदी सगळं आहे."

हॅटीने तिच्या खांद्यावरून पलीकडे, उताराच्या दिशेने डोळे बारीक करून पाहिलं.

"मग पाण्यात ते कोण गं? पाच-सहा म्हातारे एका गाडीच्या टपाला धरून उभे आहेत."