फोटोच्या औषधाचा अंमल

पुण्याच्या इस्पितळात गेनबाच्या हृदयाचा फोटो काढायचं ठरलं आणि पहिला घोळ सहीवरच झाला. अंबूबाईचा अंगठा चालेना. नवऱ्याच्या रक्ताचं, लिहितं माणूस हवं होतं. तसा एकच होता, विंझरचा तिचा थोरला दीर कुंडलिक. आणि गेनबा त्याच्याशी अकरा वर्षं बोलला नव्हता. बांधावरून बिनसलं तेव्हा कुंडलिकनं बांधावर बोराटीचं काटेरी कुंपण रचलं. तेव्हापासून अंबूबाई ओढ्याला वळसा घालून विहिरीचं पाणी आणत होती.

कुंडलिक आला, सही केली आणि भावाकडे पाठ करून बाकावर बसला.

मांडीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, तिच्यातून औषध सोडलं, फोटो निघाला. हृदय फारसं बिघडलेलं नव्हतं, गोळ्यांवर भागणार होतं. पण खाटेवर परत आलेला गेनबा डोळे मिचकावत म्हणाला, "दादा, जेवलास का रं?"

कुंडलिकनं भावाकडे तोंड वळवलं, मग स्वतःच्या मागं बघितलं. मागं भिंत होती.

"तुलाच इचारतोय. आन् ढवळ्या वासराला पानी दावलंस का?"

ढवळ्या बैल होऊन, म्हातारा होऊन, दोन वर्षांमागं मेलासुद्धा होता. अंबूबाई डॉक्टरांकडे धावली.

"कधी कधी हे औषध मेंदूला लागतं," डॉक्टर म्हणाले. "मधलं विसरायला होतं, माणूस भलतंसलतं बोलतो. एक-दोन दिवसांत उतरेल."

ती परतली तर कुंडलिक उपरण्यात तोंड खुपसून रडत होता आणि गेनबा त्याची पाठ थोपटत होता. अंबूबाईनं पदर पुढं ओढला आणि जन्मात पहिल्यांदा थोरल्या दिराशी तोंड उघडलं.

"भावजी, उद्या ह्ये इचारत्याल, इहिरीची वाट कुनी अडवली. काय सांगू?"

संध्याकाळच्या वेल्ह्याच्या एसटीनं कुंडलिकची चिठ्ठी त्याच्या बायकोला, ठकुबाईला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी कंडक्टर निरोप घेऊन आला. "ठकुबाईंनी बोराटी काढली. म्हनल्या, मलाबी लई दिसांपास्नं ती टोचत व्हती."

तेवढ्यात गेनबानं डोळे उघडले, भावाकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "ह्यो हितं कशाला? हाकला त्याला!"

अंबूबाईनं ओळखलं. औषध उतरलं होतं! हे भावजींना कळलं की बोराटी पुन्हा उभी.

कुंडलिक मात्र हसला. त्यानं भावाच्या अंगावरची चादर नीट केली. "बोल बाबा, बोल. डाक्टर म्हनलंच व्हतं, भलतंसलतं बोलंल."

"आरं, म्या शुद्धीत हाय! तू माजा दावेदार!"

"व्हय, व्हय. मोसंबं खा."

"तुज्या हातचं? मेलो तरी न्हाई!"

कुंडलिकनं फोड पुढं धरली. गेनबा कालपासून उपाशी होता. त्यानं ती रागानं खाल्ली. दुसरी त्याहून रागानं खाल्ली.

डॉक्टर खाटेशी आले. "काय हो बाई, शुद्धीवर आलेले दिसतात?"

अंबूबाईनं खाटेकडे बघितलं. गेनबा भावाकडे डोळे वटारून बघत होता आणि भावानंच पुढं केलेल्या तळहातावर मोसंब्याच्या बिया थुंकत होता.

"न्हाई साहेब," ती घाईनं म्हणाली. "अजून लई भलतं बोलत्यात. पन आता हितं कशाला ठेवायचं? आमी तसंच घेऊन जातो घरी."