दारव्हे स्टँडची मोहीम आणि पुंडलिकरावांची मिशी

कोणी खरे मानणार नाही, न मानो; घडले ते सांगणे प्राप्त. दारव्हे मुक्कामी, बाजारदिवशी, दोन काळीपिवळ्या जिपा बोरी अरबच्या मोहिमेस सिद्ध जाहल्या. एक खासे पुंडलिकराव, स्टँडाचे जुने सरदार, यांची. दुसरी इंद्रजित, वये लहान, तोंडाने थोर, याची. करार ऐसा ठरला की, ज्याची जीप आधी भरोन निघेल तो जिंकला, हरेल त्याने भर स्टँडात मिशी उतरवावी. रावांची मिशी तीस वर्षांची. तीवर लिंबू ठरे, आणि तीसमोर पोलीसही लायसन मागण्यास कचरत. ती राखणे आले.

मग रावांनी मसलत केली की, जीप कैसी हे कोण पाहतो? आत बसले कोण, ते लोक पाहतात. म्हणोन सरकारी दवाखान्याच्या नर्स साधनाताई यांस चहा पाजोन पांढऱ्या कोटात पुढल्या सीटवर विराजमान केले, आणि फर्मान सोडिले की, नर्सबाई जेथे, जिवास धोका नाही तेथे. सहा असामी चढल्या. तो इंद्रजिताने आवई उठविली, "नर्स काहून बसली? आत कोनी तापाचा पेशंट असंन!" सहाही असामी नाक दाबोन उतरल्या आणि पलीकडे जावोन बसल्या. इंद्रजितास आता एकच माणूस कमी.

ऐसा कठीण प्रसंग गुदरला, परंतु राव डगमगले नाहीत. इंद्रजिताने आपल्या जिपेच्या काचेवर स्वतःची गॉगलवाली तसबीर लाविली होती. रावांनी चंदनाचा हार आणिला, तसबिरीस अदबीने घातिला, खाली उदबत्ती लाविली, आणि टोपी काढोन, मान खाली घालोन उभे राहिले. जिपेतील एक म्हातारी ओरडली, "अरे बापा! पोट्टा गेला? मंग गाडी कोन चालवन?" आणि आख्खी फौज खिडक्यांतून खाली आली. इंद्रजित "मी जित्ता हाओ!" ऐसे ओरडत मागे धावला, तेणेकरून लोक अधिकच पळाले आणि थेट रावांच्या जिपेत शिरले. दोघे टपावर, एक बकरी साधनाताईंच्या मांडीवर, आणि हॉर्नाच्या नौबती झडोन जीप मार्गस्थ जाहली. इंद्रजिताची शिकस्त जाहली. रावांची फत्ते जाहली, मिशी सलामत राहिली, हे चहाटपरीवर समस्त मंडळींच्या साक्षीने नमूद...

नमूद होते न होते तो ऐकत बसलेल्या तानाबाईंनी कप खाली ठेविला आणि सांगणाऱ्याकडे, म्हणजे खुद्द पुंडलिकरावांकडेच, बोट केले.

"अवो पुंडलिकराव, मिशी सलामत राह्यली, तं मघापासून तोंडावर दुपट्टा कायले धरून राह्यले? हटवा बरं!"