नाजूक माल

वरकुट्याच्या स्वरूपानं तान्ह्या बाळांसाठी लोकरीची झबली विणली होती. जाळी इतकी तलम, की नुसतं नख लागलं तरी धागा निघावा. ती पुण्याच्या दुकानात खपली, तर सासूबाई तिला खुरपणीतून मोकळं करणार होत्या. सिंधुबाईंनी तसा शब्द दिला होता आणि वर बजावलंही होतं, "न्हाय खपली, तर गप माझ्याबरुबर वावरात."

घरात खोकी होती ती डाळिंबाचीच. स्वरूपानं त्यांतल्या एकात झबली भरली, वर ठळक अक्षरांत 'नाजूक माल' असं लिहिलं आणि पुण्याला धाडायला खोकं इंदापूरच्या गोदामात पोचतं केलं.

आता इंदापुरात नाजूक माल म्हणजे फळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. स्वरूपाला ते सुचू नये, हे तिचं नशीब. पुण्याहून काहीच निरोप येईना, तेव्हा तिनं गोदामात फोन लावला.

"काळजीच करू नगा, ताई," मुकादम सर्जेराव म्हणाला. "ट्रक चुकला, पर माल तवाच कोल्ड स्टोरेजला टाकलाय. म्हैनाभर सडत न्हाय!"

ओलसर, कुबट लोकर स्वरूपाच्या डोळ्यांपुढं नाचू लागली. "आत्या, वाटोळं झालं माझं," म्हणत तिनं सासूला घेऊन इंदापूरची एसटी गाठली.

सर्जेरावानं कोल्ड स्टोरेजचं जाड दार ओढलं. आतून गारठा आला आणि पाठोपाठ चार दांडगे हमाल पेट्या घेऊन बाहेर आले. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक झबलं होतं. कुणाचं गुलाबी, कुणाचं पिवळं. बाह्या ताणून कानांवर लोंबत होत्या आणि जाळीची पार चाळण झाली होती.

स्वरूपानं पुढं होऊन एका झबल्याची जाळी चाचपली. सगळा हिवाळा डोळे फोडून विणलेलं सारं मातीत गेलं होतं.

"टोप्या झ्याक हायत, ताई," एक हमाल म्हणाला. "खोकं फुटलं तवा घावल्या. पैसं देतो की. पर ह्या दोन नळ्या कशापायी?"

"आमच्या समद्या गड्यांना करा," सर्जेराव म्हणाला. "लय गारठत्यात बिचारी."

"अवो, त्या टोप्या न्हाईत..." स्वरूपानं तोंड उघडलं, तोच सिंधुबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"गप! खपला न्हवं माल? सुटलं तुजं खुरपं." मग हमालाकडं वळून त्या म्हणाल्या, "नळ्या व्हय? त्या हनुवटीखाली बांधायच्या असत्यात, बाबा."

चौघांनी करकचून गाठी मारल्या. स्वरूपानं डोळे मिटून घेतले.